दारात उभी राहिलेली यादी

बू मुर्तिनाह आमच्या रक्तपेढीत लागल्या त्या काचेच्या नळ्या धुवायला. मी तेव्हा पेढीतले फ्रिज सांभाळायचो. आमच्याकडे बाईला मानानं बू म्हणतात, पुरुषाला पा. निवृत्त होऊन मला अकरा वर्षं झाली, तरी सकाळी साडेसातला मी तिथे जातोच. कोणी या म्हणत नाही, कोणी येऊ नका म्हणत नाही. रक्ताच्या फ्रिजचा काटा चार अंशांवर आहे ना ते बघायचं, एक गोड चहा घ्यायचा आणि दहाच्या आत घरी परतायचं. बूंबद्दल लिहितोय ते बहुतेक एवढ्याच वेळात पाहिलेलं. संगणकाचं मला फारसं कळत नाही. त्या बाबतीत काही चुकलं तर ती चूक माझी.

नळ्या धुता धुता बूंकडे फोनचं काम आलं. सुंबिंग डोंगराच्या उतारावर आमची गावं, आणि तिथे थॅलेसेमियाची मुलं बरीच. त्यांच्या अंगात रक्त टिकत नाही. दर तीन-चार आठवड्यांनी दुसऱ्याचं चढवावं लागतं, म्हणजे दर तीन-चार आठवड्यांनी कोणाला तरी फोन करून बोलवावं लागतं. अशी सदतीस मुलं पेढीवर अवलंबून. मुलं म्हणायची सवय लागली आहे. त्यांतली काही आता पंचविशीला आली.

बू आधी हे सगळं वहीत ठेवायच्या. वही पुरेना, तेव्हा चाळिशी उलटल्यावर दर शनिवारी तंत्रशाळेत जाऊन एक्सेल शिकल्या. वर्गात बाकी सगळी शाळकरी पोरं. एकजण म्हणाला, "बू, माउस चावत नाही हां, धरा बिनधास्त." ह्या म्हणाल्या, "चावला तर तुझंच रक्त लावून घेईन. गट कुठला तुझा?" आणि त्याचं नाव, गट, फोन लिहून घेऊनच घरी आल्या. रक्त द्यायला लागणारी सतरा वर्षं पूर्ण झाली त्या आठवड्यात त्याला बोलावलं. तो अजून येतो. आता त्याचं पोट सुटलंय.

त्यांच्या यादीत चौदाशे माणसं होती. नाव, गट, मागचं रक्त कधी दिलं, हे तर कोणीही लिहील. बूंचे रकाने पुढे सुरू व्हायचे. ऑगस्टात तंबाखूच्या काढणीला वर जातो, खाली उतरत नाही. सुई बघून भोवळ येते, बोलतं ठेवावं. मुगाची खीर आवडत नाही, दोन उकडलेली अंडी द्यावीत. भावाशी भांडण आहे, दोघांना एका दिवशी बोलवू नये. सर्वांत शेवटच्या रकान्यात काहींच्या नावापुढे फक्त एक नाव असायचं: वेनिंग.

वेनिंग शाळेचे गणवेश शिवते. पाच वर्षांची असल्यापासून तिला रक्त चढतंय. इतक्या लोकांचं चढलं की तिचं शरीर आता बहुतेकांचं रक्त नाकारतं. नुसता गट जुळून भागत नाही. सगळ्या जिल्ह्यात तिला चालेल असं रक्त नऊ माणसांचं. हे नऊजण कोण, ते बूंनी सहा वर्षांत एकेक करून शोधून काढलं होतं. ते लिहिलेलं होतं त्या शेवटच्या रकान्यातच.

यादीतून रोज कोणाला बोलवायचं ते काढायला बूंनी मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे, मला समजलं तसं, यादीला आधीच सांगून ठेवलेलं काम. दोन-तीन कळा दाबल्या की यादी स्वतःच सगळे रकाने चाळायची आणि चार मिनिटांत दिवसाची नावं पुढे ठेवायची. हे लिहायला त्यांना दोन वर्षं लागली. मधे कोणीतरी त्यात बोटं घातली, म्हणून त्यांनी पासवर्ड लावला. तो भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला. पुढे भिंतीला रंग दिला त्या वर्षी रंगाऱ्यानं कॅलेंडर फेकून दिलं. यादी चालत होती, त्यामुळे कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे कोणाच्या घरी गेलं की दारात थांबून "कुलो नुवून" म्हणायचं. आतून "मोंग्गो" असं आलं की मगच पाय आत टाकायचा. तीनदा म्हणूनही उत्तर आलं नाही तर निमूट परत फिरायचं. बूंनी यादीलाही तेच शिकवलं होतं. मॅक्रो सुरू केला की आधी एक छोटी चौकट यायची: "कुलो नुवून. आज कोणाला बोलवायचं ते बघायला आत येऊ का?" खाली एकच बटण, मोंग्गो. ते दाबलं की कामाला लागायची.

"यादीला कशाला हवंय हे?" मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं.

"लोकांच्या घरातलं लिहिलंय त्यात, पा. कोणाचं भांडण, कोणाची भोवळ. न विचारता कसं शिरायचं?"

खोलीत असेल त्यातल्या वडीलधाऱ्यानं मोंग्गो म्हणायचं, असंही त्यांनी ठरवून टाकलं. म्हणजे मीच. रोज सकाळी त्या कळफलक माझ्याकडे सरकवायच्या, "म्हणा, पा." मी एक बोट पुढे करून दाबायचो. नऊ वर्षं दाबत होतो.

ह्या वर्षी जुलैत प्रांताकडून सगळ्या पेढ्यांना नवा प्रोग्रॅम आला. तोच माणसं निवडणार, तोच त्यांना निरोप धाडणार. पण त्याला कळणार दोनच गोष्टी: गट कुठला आणि मागचं रक्त कधी दिलं. आमच्या डॉक्टर बू रेत्नो प्रांताच्या कचेरीत जाऊन भांडल्या. भांडल्या म्हणजे तीन तास बाकावर बसून राहिल्या. शेवटी सवलत मिळाली. रोज सकाळी सहा वाजता नव्या प्रोग्रॅमनं आतल्या आत आमची फाईल उघडायची, बूंचा मॅक्रो चालवायचा आणि तीच नावं उचलायची. अट एकच. ऑगस्टच्या दुसऱ्या गुरुवारी प्रांताचे साहेब येतील, त्याआधी हे लागोपाठ तीन दिवस न अडता चाललं पाहिजे. नाही चाललं तर बूंची यादी बंद.

हे जुळवून द्यायला सहाला नावाचा इंजिनियर आला. मूळचा दूरच्या मेदान शहराचा, बाताक जमातीचा; त्यांच्यात दादाला बांग म्हणतात. बाताक माणसाचा आवाज आमच्या कानाला नेहमीच मोठा वाटतो. ह्याचा त्यांच्यातही मोठा असावा. पहिल्या दिवशी थेट बूंच्या टेबलापर्यंत आला, पिशवी ठेवली आणि म्हणाला, "कुठाय ती प्रसिद्ध यादी?"

बू म्हणाल्या, "आधी बसा तरी, बांग. चहा घ्या."

"चहा घेत बसलो तर गुरुवार येईल, बू."

"गुरुवार तसाही येणारच आहे."

तो मोठ्यानं हसला आणि बसला. माणूस वाईट नव्हता. दोन कप चहा प्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता नव्या प्रोग्रॅमनं यादीला बोलावलं. यादी उघडली, असं त्याच्या पडद्यावर लिहून आलं. मग काहीच नाही. पाच मिनिटं वाट बघून प्रोग्रॅमनं तिला जबरदस्तीनं बंद केलं. नंतर बूंनी फाईल उघडायला घेतली तर ती दुसऱ्या कोणीतरी आधीच उघडलेली आहे, असं सांगू लागली. दुसरं कोणी नव्हतंच. संगणक बंद करून सुरू केला तेव्हा म्हणाली, मागच्या वेळी मी नीट बंद झाले नाही, जेवढं वाचलं तेवढं घ्या.

"अशी काय वागते ही?" सहाला म्हणाला. "मी बोलावलं की मेल्यासारखी पडून राहते."

"तुम्ही हळू बोलवा, बांग. दचकत असेल."

"बू, तुमच्याकडे सगळंच हळू. बस हळू, पाऊस हळू. एक्सेल तरी वेगात पळू द्या."

पण बूंचा चेहरा पडला होता. पेढीत एकोणीस वर्षं काढून त्या अजून कायम झालेल्या नव्हत्या, आणि त्याबद्दल मी त्यांना कधी हुं का चूं करताना ऐकलं नाही. यादीचं मात्र तसं नव्हतं. यादी अडली की त्या घरचं माणूस आजारी असल्यासारख्या वागायच्या.

पुढचे दिवस सहालानं काय काय केलं ते मी चहाचा कप हातात धरून बघत होतो. एक्सेल काढून पुन्हा घातलं. फाईल दुसऱ्या जागी ठेवून पाहिली. विषाणू पकडणारा प्रोग्रॅम बंद केला. प्रिंटर जोडलेला नसेल तर एक्सेल रुसतं, असं त्यानं कुठेतरी वाचलं होतं, म्हणून अडगळीतला प्रिंटर आणून जोडला. त्यातून पाल निघाली. यादी निघाली नाही. मग विजेवर संशय आला. तेवढं माझ्या हातातलं होतं. मी घरून माझा मीटर आणला, दाब मोजला, फ्रिजचा जादा स्टॅबिलायझर होता तो संगणकाला लावून दिला. रोज सकाळी सहा वाजता बोलावणं व्हायचं आणि सहा वाजून पाच मिनिटांनी यादी मारली जायची.

"हातानं चालवली तर चालते ना?" सहालानं एके सकाळी विचारलं. "मला दाखवा बरं."

बू खुर्चीवर बसल्या. सहाला मागे उभा राहिला, हातांची घडी घालून. मी बाजूच्या स्टुलावर, रोजच्या जागी. रोजच्यासारखा कळफलक माझ्याकडे येईल म्हणून मी बोट पुढेही केलं होतं. पण बूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी मॅक्रोच्या कळा दाबल्या आणि लगोलग, श्वास घ्यायच्या आत, एंटर दाबलं. चौकट आली आणि गेली. डोळा लवला असता तर दिसलीही नसती.

"काय चमकलं ते?" सहालानं विचारलं.

"काही नाही," बू म्हणाल्या. "ते असंच."

त्यांचे कान लाल झाले होते. शहरातला शिकलेला माणूस मागे उभा. त्याला कसं सांगायचं की कचेरीच्या फाईलमध्ये आपण पाहुणचाराची वाक्यं घालून ठेवली आहेत? मला ते समजलं. मीही बोट मागे घेतलं आणि कपात बघत बसलो. आपण रोज एका यंत्राला मोंग्गो म्हणतो हे मलाही परक्या माणसासमोर कबूल करवलं नसतं. आणि खरं सांगायचं तर त्याचा कामाशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. घरात शिरताना चपला काढतो, त्या मोजतो का कोणी?

चार मिनिटांत नावं आली. सहालानं कपाळावर हात मारला. "हातानं पळते. माझ्या प्रोग्रॅमनं बोलावली की मरते. सवतीचं वैर आहे की काय?"

"त्या पोरीला सांगा," बू म्हणाल्या, "मोठीचा मान राखावा." हे त्या हसून म्हणाल्या, पण त्यांचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट होते.

सोमवारी सहालानं संगणकात काय काय चालू आहे त्याची सूची उघडली आणि ओरडला, "अरे! हे बघा! अकरा!" पडद्यावर एकही यादी दिसत नव्हती, आणि आत अकरा चालू होत्या. फाईल मारली की सगळी मरत नाही, तिचं काहीतरी मागे उरतं, असं त्यानं सांगितलं. दिसत नाही, बोलत नाही, पण जागा अडवून बसते. दिवसाकाठी त्यानं दोन-तीनदा तरी बोलावून पाहिलं होतं, त्यांतल्या ह्या.

"भुतं आहेत, बू. अकरा भुतं."

"भुतं नका म्हणू, बांग."

"मग काय म्हणू? पाहुण्या?"

सहालानं एकेकीवर बोट ठेवून अकराही बंद केल्या. मंगळवारी पुन्हा तीन झाल्या.

मंगळवारीच मॅक्रोच्या आत काय लिहिलंय ते बघावं असं ठरलं. त्याला पासवर्ड हवा. बूंनी मुलाच्या जन्मतारखेपासून नवऱ्याच्या मोटारसायकलच्या नंबरापर्यंत सगळं घालून पाहिलं. सहाला म्हणाला, कुलूप फोडायचं एक साधन आहे माझ्याकडे. नक्कल काढून तिच्यावर फोडून पाहिलं. नक्कल अशी बिघडली की चौदाशे नावांच्या जागी नुसते चौकोन आले. बूंनी तोंडावर हात धरला. खरी फाईल शाबूत होती, पण ती फोडू द्यायचा धीर मग कोणालाच झाला नाही, सहालालाही.

त्या दिवशी वेनिंग रक्त घ्यायला आली होती. तिची सुई लागून झाल्यावर बू तिच्या पलंगाशी जाऊन बसल्या.

"तुमची यादी बरी आहे का?" वेनिंगनं विचारलं.

"बघू, न्दुक." पोरीला त्या न्दुक म्हणतात.

"बंद झाली तर?"

"तर नवा प्रोग्रॅम बोलावेल की लोकांना."

"त्याला माझे नऊजण माहीत आहेत?"

बूंनी तिच्या अंगावरचं पांघरूण सरळ केलं. ते आधीच सरळ होतं.

गुरुवारी साहेब आले. चांगला माणूस, सगळ्यांशी हात मिळवले, मुगाची खीर खाल्ली, नारळाचं दूध ताजं आहे म्हणाले. सहालानं त्यांच्यासमोर यादीला बोलावलं. आम्ही सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. मिनिट. दोन मिनिटं. बू उभ्याच होत्या. चौथ्या मिनिटाला त्या अगदी हळू आवाजात पडद्याला म्हणाल्या, "चल ना गं." पाच मिनिटं झाली आणि प्रोग्रॅमनं तिला मारलं.

साहेब म्हणाले, "बू, तुमच्या कामाची आम्हाला कदर आहे." एवढ्यावरच मला कळलं. मग त्यांनी कागदावर सही केली. डॉक्टर बू रेत्नो काहीतरी बोलायला गेल्या. त्यांच्या तोंडून फक्त "पण साहेब" एवढंच निघालं. शुक्रवारी बूंच्या टेबलावरचा संगणक उचलून नेला, त्या जागी नवा आला. त्यात एक्सेल नव्हतंच. फाईलची एक नक्कल बूंच्या पेन-ड्राइव्हवर राहिली, आणि त्यांनी गुरुवारीच घाईघाईनं छापून ठेवलेले शेवटच्या रकान्याचे सहा कागद.

रविवारी बायको म्हणाली, "तेम्पे तळलाय, बूंना देऊन या. बरं वाटेल त्यांना." मी सोयाबीनच्या त्या गरम तुकड्यांचा डबा घेऊन गेलो. दार उघडं होतं, पडदा ओढलेला. उंबऱ्याबाहेर त्यांच्या चपला. आत रेडिओ चालू.

"कुलो नुवून," मी म्हणालो.

रेडिओवर कोणीतरी खतांविषयी बोलत होतं. मी थोडं थांबलो, पुन्हा म्हणालो. मग तिसऱ्यांदा. माझा आवाज मुळात लहान. आत माणूस आहे हे चपलांवरून कळत होतं, मी दारात आहे हे आतल्या माणसाला कळत नव्हतं. तीनदा झालं. परत फिरावं की उभं राहावं? डब्याचं बूड हाताला भाजत होतं. परत जावं तर तेम्पे गार होणार, उभं राहावं तर लोक बघणार. आत पाय टाकायचं मात्र मनात आलं नाही. कोणी मोंग्गो म्हटलंच नव्हतं.

आणि तिथे, दारात, मला ती आठवली. यादी. रोज सकाळी सहा वाजता, रिकाम्या कचेरीत, न दिसणाऱ्या पडद्यावर ती म्हणत असेल, आत येऊ का? समोर कोणी नाही. तिला परत फिरायला तर शिकवलंच नव्हतं. मग ती उभी. पाच मिनिटं उभी, आणि मग तिच्या डोक्यात घाव. दुसरी येते, तीही उभी. अकरा जणी.

माझ्या हातातला डबा तिथेच पायरीवर ठेवला गेला.

"अगंबाई, पा!" बू घराच्या बाजूनं आल्या, ओल्या हातांनी. त्या मागे कपडे धूत होत्या. "कधीचे उभे आहात? आवाज नाही का द्यायचा?"

"दिला की. तीनदा."

"मग आत यायचं!"

दारात सुचलं ते मी त्यांना सांगितलं. मला नीट सांगता येत नाही, अडखळत सांगितलं. माझं पुरं व्हायच्या आधीच त्या पायरीवर बसल्या, डब्याशेजारी. ओले हात तसेच गुडघ्यांवर.

"त्यानं विचारलं होतं मला," त्या म्हणाल्या. "काय चमकलं म्हणून. मी काही नाही म्हटलं."

"मीही होतो ना तिथेच."

"तुम्ही तर बोट पुढे केलं होतं, पा. मी पाहिलं होतं."

नऊ वर्षं जे बोट ते बटण दाबत होतं, ते माझं. दुसऱ्या कोणाला कळलं नाही तरी मला कळायला हवं होतं.

बूंनी सहालाला फोन लावला आणि आवाज मोठा करून मधे ठेवला. मागे मुलांचा कालवा होता. तो चर्चमधून नुकताच बाहेर पडला असावा. बूंनी सगळं सांगितलं, चौकटीतल्या वाक्यासकट. 

"म्हणजे त्या अकराही दारात उभ्या होत्या," तो म्हणाला. नेहमीच्या आवाजात नाही.

"हो, बांग."

"बू, पासवर्डची गरजच नव्हती. मला माहीत असतं तर मी माझ्या प्रोग्रॅमकडूनच मोंग्गो म्हणवलं असतं. एक एंटर. मिनिटाचं काम."

"आता म्हणवा ना मग," मी मधेच बोललो. मी मधे बोलत नाही कधी.

"आता नाही जमत, पा. बाहेरची फाईल बोलवायची जी सोय होती ती प्रांताच्या प्रोग्रॅममधून काढून टाकलीय. सगळ्या पेढ्यांसाठी. परवा, शुक्रवारी. मीच काढली. मला सांगितलं, मी काढली."

"परत घालता येत नाही?"

"अर्ज करा. मीही आतून सांगतो. पण त्याची बैठक वर्षातून एकदा होते, आणि ह्या वर्षीची झाली." मग म्हणाला, "बू, मी रागानं नाही विचारत. पण का नाही सांगितलं?"

"लाज वाटली," बू म्हणाल्या.

तो "हं" म्हणाला. बूंनी त्याला बायको-मुलं कशी आहेत ते विचारलं, त्यानं सांगितलं, फोन ठेवला. आम्ही तेम्पे खाल्ला. गार झाला होता.

अर्ज केला. मी सही केली, माझ्या सहीला काय किंमत, तरी केली. त्याचं उत्तर आलेलं नाही.

त्या मंगळवारनंतर तीन आठवड्यांनी वेनिंगची रक्त घ्यायची वेळ आली. नवा प्रोग्रॅम चोख आहे. त्याला नावं ठेवत नाही. सकाळी सहा वाजता त्यानं कोणालाही न विचारता तिच्या गटाच्या चाळीस जणांना निरोप धाडले. ऑगस्ट संपत आला होता. चाळिसातले निम्मे तंबाखू कापायला वर गेलेले. जे आठ आले त्यांना प्रोग्रॅमनं धन्यवाद दिले. त्या आठांत तिच्या नऊपैकी एकही नव्हता. त्यांचं रक्त दुसऱ्यांना उपयोगी पडलं, वाया गेलं नाही.

बू व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या, मांडीवर सहा कागद, हातात स्वतःचा फोन. मी शेजारी. वेनिंग समोरच्या भिंतीला टेकून, ओठ पांढरे, हातात अर्धा शिवलेला गणवेश.

"शिवत काय बसलीस, न्दुक? दिसतंय का तरी?"

"गुंडी आहे फक्त, बू. गुंडी न बघता लागते."

फोनवर बोलणं सुरू करायचा बूंचा रिवाज असा की आधी "कुलो नुवून" म्हणायचं आणि पलीकडचा "मोंग्गो" म्हणेपर्यंत गप्प राहायचं. त्या दिवशीही तसंच. पहिल्या नंबरावर एका अनोळखी बाईनं उचलला. तो नंबर आता तिचा होता. दुसरा नंबर बंद. तिसरा माणूस जकार्ताला मुलीकडे. चौथा, पाचवा वर, उतारावर. तिथे फोन लागत नाही. पाचव्याच्या बायकोनं सांगितलं, वर जाणाऱ्या गाडीवाल्याबरोबर निरोप देते, पण तो उद्या जाईल. सहाव्यानं आठवड्यापूर्वीच, नव्या प्रोग्रॅमच्या निरोपावरून, रक्त दिलं होतं, इतक्यात पुन्हा देता येत नाही. यादी असती तर तिनं त्याला ह्या दिवसासाठी राखून ठेवला असता. सातव्यानं उचलला नाही. आठव्याला ताप.

नववा आला. ङातमिन नावाचा, तंबाखूनं बोटं काळी झालेला, ट्रकच्या मागे बसून दोन तासांत. "बू, अंडी दोन ना?" दारातूनच ओरडला. बूंनी दोन दिली. मी त्याच्याशी बोलत बसलो, कारण त्याला भोवळ येते.

तपासण्या होऊन दुपारी एक पिशवी तयार झाली. वेनिंगला दोन लागतात.

"अर्धी तर अर्धी," ती म्हणाली आणि बाही वर केली.

बू कागद घेऊन पुन्हा बाकावर बसल्या आणि सातव्याचा नंबर लावला. वाजत राहिला. त्या कानाला लावून बसल्या होत्या, ओठ "कुलो" म्हणायच्या तयारीत. मला ते बघवेना. मी आत जाऊन फ्रिजचा काटा पाहिला. चार अंश. बरोबर होता. थोडा वेळ उभा राहून पुन्हा पाहिला.